छप्पर तीन इंच खाली

२ फेब्रुवारी १९९१, शनिवार

ही वही पापांनी दिली. "जे मोजशील ते लगेच लिहून ठेव, माझ्या डोक्यात आता काही राहत नाही," म्हणाले. चाळीस वर्षं टुलेरी गावातल्या प्रत्येक ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारा, तिचं माप तोंडपाठ असलेला माणूस असं म्हणतो, म्हणजे कमालच झाली. मापं मी शेवटच्या पानापासून उलटी लिहीत येईन. पुढची पानं माझी.

सकाळी त्यांनी मला जुन्या गोठ्यात नेलं. गाई विकल्याला वीस वर्षं झाली, तरी आत अजून दुधाचा आंबट वास आहे. गवताच्या गठ्ठ्यांमागची ताडपत्री त्यांनी ओढली, तर खाली चौतीस सालची फोर्ड, दोन माणसांची कूप. लहानपणी मी तिच्यात लपायचे. मला ते कोंबड्यांचं खुराडं वाटायचं, कारण आत कोंबड्याच असायच्या.

"एकोणपन्नास साली ओर्विलकडून घेतली," पापा म्हणाले. "तू झालीस आणि अर्ध्यावर राहिली."

"म्हणजे दोष माझा?"

"तुझा नाही गं. तुझ्या दुपट्यांचा."

बेत असा आहे: ही गाडी चाकांवर खाली, जमिनीलगत बसवायची, छप्पर कापून खाली आणायचं, पापांच्या मित्राने, ओर्विलने, त्याच्या शेडमध्ये जपलेलं आठ सिलिंडरचं जुनं इंजिन बसवायचं, आणि नोव्हेंबरात एल मिराजच्या सुक्या तळ्यावर वेगाच्या शर्यतीत पळवायची. याच नोव्हेंबरात. पुढच्या मे महिन्यात, नवा हंगाम सुरू होईल तेव्हा का नाही, असं विचारलं तर ताडपत्रीची घडी घालायला लागले.

"पापा, तुम्ही पासष्ट वर्षांचे आहात."

"ती सत्तावन्नची आहे. तिला कोणी विचारतं का?"

मी दर शनिवार-रविवार फ्रेझ्नोहून यायचं कबूल केलं. आईला जाऊन चार महिने झालेत, घर खायला उठतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं सांगायचं तर ताडपत्री निघाल्यावर त्या गंजलेल्या मडगार्डची उतरण बघून माझ्या अंगावर काटा आला. एवढी सुंदर वस्तू मी कोंबड्यांसकट पाहत होते आणि मला ती दिसली नव्हती.

१७ फेब्रुवारी

दोन दिवस नुसता गंज घासला. नाक, कान, केस सगळं तांबडं.

पापांचं काहीतरी बिनसलंय. बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या डाव्या कानाकडे बघतात. दोनदा मी कानाला हात लावून पाहिलं, गंज लागलाय का म्हणून. माझा घटस्फोट त्यांना पटला नव्हता, पण त्याला सहा वर्षं झाली. अजून राग असेल तर तसं बोलावं सरळ. सिल्वेरा घराण्यात सरळ बोलायची पद्धत नाही.

९ मार्च

पत्रा आणायला व्हिसेलियाला गेलो. पापांनी पिकअपची किल्ली माझ्या हातात दिली. आई गेल्यापासून ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत. तशी शेवटची दोन वर्षं तीच चालवायची आणि हे शेजारी बसून तिच्या चुका काढायचे. आता तो मान माझ्याकडे आला आहे. "ब्रेक लाव, पुढे वळण आहे." वळण मला दिसत होतं. पण ते इंजिनाच्या आवाजावरून वेग अचूक सांगतात, हे मात्र मानलं. मी पंचावन्नवर होते आणि त्यांनी काट्याकडे न बघता "पंचावन्न" म्हटलं.

६ एप्रिल

आज शिकले ते लिहून ठेवलंच पाहिजे.

दारावर एक जुना पोचा होता. मी तो हातोडीने आणि आतून ठोकळा धरून काढला. उजेडात धरून पाहिलं, सपाट. मी खूश. पापांनी पिठाच्या जुन्या पिशवीचं फडकं घेतलं, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून दारावरून एकदाच हात फिरवला, मागून पुढे. थांबले. "इथे फुगा आहे. एका चिठ्ठीच्या कागदाच्या जाडीएवढा."

"मला तर काही दिसत नाही."

"दिसायचं काय त्यात! डोळा उजेडाची बाजू घेतो. हात कोणाची बाजू घेत नाही."

मी फडकं घेतलं. काही नाही. परत. काही नाही. सातव्या-आठव्या वेळी बोटांच्या मुळाशी काहीतरी किंचित वर उचलल्यासारखं झालं, आणि मी ओरडलेच. दातांच्या कवळ्या करण्यात माझी अठरा वर्षं गेली. हिरडीवर कुठे खुपेल हे मला बोटाने कळतं असा माझा तोरा होता. या माणसाने त्याच्या पुढचं काही चाळीस वर्षं रोज केलं आणि आम्ही घरी म्हणायचो, पापा डेंटिंग करतात.

आता ते मला प्रत्येक गोष्ट डोळे मिटून करायला लावतात. जरा अतीच होतं. पण हात शिकतोय.

२७ एप्रिल

छप्पर कापलं. वाईट झालं. सगळं नीट क्रमाने लिहिते.

सकाळी पापांनी मला गाडीत लाकडी खोक्यावर बसवलं, डोक्यावर ओर्विलचं हेल्मेट घातलं, आणि डोकं ते छप्पर अंतर बोटांनी मोजलं. "वर दोन बोटं मोकळी पाहिजेत. तीन इंच कापू."

"पण पापा, बसणार तुम्ही. तुम्ही सहा फूट, मी पाच-चार. तुमचं डोकं काय मांडीवर घेणार?"

"म्हातारपणी माणूस आखूड होतो," म्हणाले. ओर्विल खोकत बाहेर गेला. हा ओर्विल पापांचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. ओक्लाहोमाचा, उंच, सदा कुठलातरी पाना हरवलेला.

मग पापांनी छपराच्या प्रत्येक खांबावर कागदी टेपच्या दोन-दोन पट्ट्या चिकटवल्या. वरच्या आणि खालच्या पट्टीमधला तुकडा कापून काढायचा, उरलेलं छप्पर खाली बसवायचं. चौतीसच्या गाडीचे पुढचे खांब मागे झुकलेले असतात, म्हणून प्रत्येक खांब वेगळ्या उंचीवर कापावा लागतो. यातली मेख फक्त जुन्या लोकांना माहीत, असं ओर्विल म्हणतो. टेप लावायला पापांना अख्खी सकाळ लागली. नाक खांबाला टेकेल इतकं जवळ जाऊन, मान वाकडी करून, बोटाने चाचपत.

मी पट्टीने तपासलं. उजवीकडे तीन इंच. डावीकडच्या दाराच्या खांबावर साडेतीन. मी दोनदा मोजलं. साडेतीनच. तोंड उघडलं होतं विचारायला. पण त्याआधी तासाभरात मी सहा प्रश्न विचारले होते आणि सहाव्याला पापा म्हणाले होते, "इल्दा, तू काप तरी, नाहीतर विचार तरी." मला वाटलं, हीच ती मेख. उस्तादाने लावलेली टेप. मी कोण पट्टी काढून त्याला शिकवणारी?

कापलं. ओर्विल आणि मी छप्पर उचलून खाली ठेवलं. डावी बाजू अर्धा इंच बसकी. अख्खी गाडी एका डोळ्याने मिचकावत असल्यासारखी दिसायला लागली.

पापांनी फटीवरून हात फिरवला. बराच वेळ. "ही टेप कोणी लावली?"

"तुम्हीच."

"मोजलं होतंस?"

"हो."

"किती?"

"साडेतीन."

ते फडकं खांद्यावर टाकून बाहेर अंजिराच्या झाडाखाली जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल

सकाळी टेपचं रीळ माझ्या हातात ठेवलं. "यापुढे खुणा तू करायच्या. सगळ्या. आणि पट्टी एक म्हणाली आणि मी दुसरं म्हणालो, तर पट्टीचं ऐकायचं."

झालं. माझ्यावरचा विश्वास उडाला, आणि टोमणा असा मारला. परत फ्रेझ्नोला येताना रस्त्यात रडले. एकोणचाळीस वर्षांची बाई, बापाने टेप दिली म्हणून रडते.

१९ मे

पवित्र आत्म्याचा सण, आम्हा पोर्तुगीजांचा सगळ्यात मोठा. मिरवणुकीत पंचवीस वर्षं झेंडा पापांकडे असतो. या वर्षी त्यांनी तो बोर्जेसच्या मुलाला दिला, गुडघा दुखतो म्हणून. चर्चपर्यंत माझा दंड धरून चालले. लोकांना वाटलं असेल, लेकीवर किती माया! हॉलमध्ये सोपाश खाल्लं. पुदिन्याच्या रश्श्यात भिजलेला पाव, वर मांस. आई असायची त्या जागेवर कोणी बसलं नाही.

घरी आल्यावर पापा म्हणाले, "चल, शिसं घालू."

"आज? सणाच्या दिवशी?"

"देवाला गाड्या आवडतात. एलिया संदेष्ट्याला स्वर्गात न्यायला घोडागाडीच पाठवली होती ना? आगीची."

डाव्या खांबात आम्ही अर्ध्या इंचाची पट्टी आधीच जोडून घेतली होती. छप्पर आता सरळ आहे, पण जोडाचा व्रण राहिला होता. तो शिशाने भरायचा. हल्ली सगळे भुकटीची लांबी फासतात, पापा त्याचं नावही घेत नाहीत.

मी आजवर जे जे पाहिलं त्यात हे वरचं. पापांनी गॅसची बत्ती लावली, ज्योत मऊ केली. शिशाची कांडी जोडावर धरली. शिसं चमकलं, घाम आल्यासारखं झालं, आणि वितळून वाहून जाणार इतक्यात ज्योत मागे घेतली. ते ना घट्ट होतं ना पातळ. लोण्यासारखं. तेलात बुडवलेल्या लाकडी थापीने त्यांनी ते खांबावर वर चढवलं. उभ्या खांबावर! ज्योत आत, ज्योत बाहेर, थापी. डोळे मिटलेले. मी विचारलं, न बघता कसं कळतं? म्हणाले, "सुटायच्या आधी ते गप्प होतं." मी कान लावला. खरंच, तडतड एक क्षण थांबते. एवढी वर्षं त्यांची लेक असून मला शिशाचा आवाज माहीत नव्हता.

मग बत्ती माझ्याकडे. पहिल्यांदा सगळं शिसं बुटांवर. दुसऱ्यांदाही बुटांवर. पापा म्हणाले, "बुटाला छान बसलं, आता खांबाला बघ." कवळ्यांचं मेण मी रोज असंच वितळवते. ते आठवलं आणि हात मोकळा झाला. पाचव्यांदा शिसं खांबावर राहिलं. थंड झाल्यावर कानस मारली, फडक्याने तपासलं. मग पापांनी तपासलं. हात खांबावरून गेला, थांबला नाही.

"कुठे आहे जोड?" त्यांनी विचारलं.

त्यांना सापडला नाही! मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता.

१३ जुलै

पारा एकशे सहा. गोठ्यात भट्टी. ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्या माझ्या पायाच्या मापाने बसवल्या, कारण पापांच्या कंबरेला आत-बाहेर करणं झेपत नाही. "नंतर सरकवू," म्हणाले. कशा सरकवणार, वेल्डिंग केलंय. बोलले नाही. माझ्याकडे खुणा करायचं काम आहे, मी खुणा करते.

दुपारी त्यांनी पाण्याचा काचेचा तांब्या टेबलाच्या शेजारी ठेवला. टेबलावर नाही, शेजारी, हवेत. फुटला. उन्हाने होतं.

२४ ऑगस्ट

इंजिन लागलं.

ओर्विलने सकाळपासून नऊ वेळा "आता" म्हटलं आणि नऊ वेळा काही झालं नाही. दहाव्यांदा एक खोकला, निळा धूर, आणि मग ते सुरू झालं. आवाज कानांनी ऐकला असं म्हणता येत नाही, तो पायांतून वर आला. गोठ्याच्या भिंतीवरचे दुधाचे जुने डबे थरथरायला लागले. शेजारच्या कुरणातल्या सगळ्या गाई एकदम माना वर करून आमच्याकडे बघत होत्या. मी हसत होते आणि ओर्विल चक्क टोपी काढून उभा होता.

पापांनी दोन्ही हात मडगार्डवर ठेवले होते. तसेच उभे राहिले, डोळ्यांतून पाणी. मग म्हणाले, "सहावा जरा मागे आहे." ओर्विलने तपासलं. सहाव्या सिलिंडरची तार सैल होती.

"तू माणूस आहेस की भूत, जॅक?" ओर्विल पापांना म्हणाला.

"पोर्तुगीज," पापा म्हणाले.

एवढं मोठं आश्चर्य आमच्या गवतामागे बेचाळीस वर्षं पडून होतं.

१५ सप्टेंबर

घाबरले आहे. पापा झोपलेले असताना ओर्विलला विचारलं, मेपर्यंत थांबलो तर काय बिघडतं, रंग नीट करता येईल. तो पाना पुसत म्हणाला, "त्याच्याकडे वेळ कमी आहे, पोरी," आणि मग जीभ चावली. कितीही विचारलं तरी पुढे बोलेना.

तडक पापांकडे गेले. "तुमच्या छातीत दुखतं का? खरं सांगा."

"माझं हृदय बैलाचं आहे."

"मग काय झालंय?"

"बैलाला अक्कल नसते, एवढंच." आणि माझ्या कानाकडे बघून हसले.

डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर म्हणतात, "दोन झालेत." कधी? आईबरोबर गेले होते म्हणे. छातीबद्दल दोघांनीही काही काढलं नाही, म्हणतात. मग वेळ कशाला कमी आहे? मला झोप नाही.

५ ऑक्टोबर

रंग. पापांनी पत्त्यांसारखा पसरलेला रंगांचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. "तू ठरव. आणि मला सांग कसा आहे ते."

"तुमच्यासमोर तर आहे."

"तू सांग."

मी एक निवडला. त्याचं नाव मला आवडलं नाही, म्हणून म्हटलं, "आपलं अंजीर पिकायला लागतं ना, अजून हिरवं सुटलेलं नसतं आणि सालीवर काळपट जांभळं चढतं, पहाटे दव असताना. तसा." त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला आवडला असता." सबंध दिवस खुशीत होते. चार-चारदा विचारत होते, ऊन पडल्यावर कसा दिसेल, धुळीत कसा दिसेल. मी सांगत होते. मला वाटतं आम्ही इतकं कधीच बोललो नव्हतो.

२६ ऑक्टोबर

गाडी मोकळी करायला शेतातल्या सरळ रस्त्यावर मी चालवली. "तू चालव, मला बाहेरून ऐकायचंय," पापा म्हणाले. बारा फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर सूचना: दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात घाई केलीस, पाय थरथरतोय, स्टिअरिंग गळा दाबल्यासारखं धरू नको. ज्याला पळवायची आहे त्याने एवढं मला शिकवून काय उपयोग! पण छपराच्या त्या चिंचोळ्या फटीतून रस्ता धावत येतो आणि पोटाखाली लोखंड गुरगुरतं, तेव्हा मला वाटलं, ही पापांची गाडी आहे हे विसरता कामा नये. मत्सर वाटला. बापाचा मत्सर! लिहून टाकलं, संपलं.

ओर्विलने शर्यतीच्या क्लबचे तीन कागद पुढे केले, मी सह्या केल्या. विम्याचे असावेत.

११ नोव्हेंबर, सोमवार

कामावर गेले नाही. सगळं आजच लिहिते.

शनिवारी टेहाचापीचा घाट उतरून तळ्यावर पोचलो. ओर्विलने ओढगाडीवर फोर्ड आणली, मागून पापा आणि मी पिकअपमध्ये. काल पहाटे मी तंबूतून बाहेर आले आणि तिथेच मातीवर बसले. कशाने असं होतं ते सांगता येणार नाही. मैलोन्‌मैल सपाट, तडकलेली, पावाच्या रंगाची माती. झाड नाही, दगड नाही, कुठे मोजायला काही नाही. आकाश सरळ पायापाशी येऊन टेकलेलं. मी चाळीस वर्षं त्या डोंगरांच्या अलीकडे राहिले आणि पलीकडे एवढी रिकामी जागा देवाने ठेवलीय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पापांनी सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

रांगेत आमचा नंबर आला. तपासनीस पट्टे ओढून बघत म्हणाला, "चालक कोण?" ओर्विलने माझ्याकडे बोट दाखवलं. मी हसले. कोणी हसलं नाही.

"बस, इल्दिन्या," पापा म्हणाले. लहानपणीचं नाव. वीस वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"पापा, थट्टा पुरे. तुमची गाडी आहे."

"गाडी माझी आहे. जागा तुझी आहे. पायपट्ट्या बघ, पट्टे बघ. तुझ्या डोक्यावर दोन बोटं मोजली ती काय ओर्विलसाठी?"

"पण का?"

त्यांनी तोंड वळवलं, म्हणजे माझ्या कानाकडे. "मधलं गेलंय. दोन्ही डोळ्यांचं. सरळ बघितलं की तिथे नुसता धुक्याचा गोळा असतो. कडेकडेचं दिसतं थोडं. तुझ्या कानाकडे बघितलं की तुझा चेहरा थोडासा येतो."

मी उभीच राहिले. वहीची पानं डोक्यात फिरायला लागली. तांब्या. झेंडा. अंजीर. टेप.

"ती टेप," मी म्हटलं.

"हो. ती टेप. तू माझ्यावर इतका भरवसा ठेवलास की पट्टीलाही खोटं पाडलंस. त्या दिवशी मला फार लाज वाटली, पोरी."

"आईला माहीत होतं?"

"तीच चालवायची ना."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू पत्रा सोडून डॉक्टर शोधत बसली असतीस. ते दोन झाले, त्यांच्याकडे औषध नाही. मला तू गोठ्यात हवी होतीस. हात शिकवायचा होता. आणि या वर्षी कडा अजून शाबूत आहेत. गाडी नाही दिसणार मला, फार लांब जाते ती. पण तिच्यामागे धूळ उठते, मैलभर, भिंतीसारखी. ती दिसेल. पुढच्या वर्षी काय उरेल कोण जाणे."

मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला. ओर्विल त्याच्याकडे वळून असं काही बोलला की तो गप्प बसला.

आम्हा मुलांना घरातून निघताना आशीर्वाद मागायची सवय होती. शाळेला निघताना, झोपायला जाताना सुद्धा. अठराव्या वर्षी फ्रेझ्नोला गेले आणि मी ते सोडलं. जुनाट वाटायचं. काल मी गाडीत बसले, पट्टे आवळले, खिडकीतून मान जेवढी बाहेर येईल तेवढी काढली आणि म्हटलं, "आशीर्वाद द्या, पापा."

त्यांनी हेल्मेट चाचपलं, त्यावर हात ठेवला. "देव तुझ्या पाठीशी राहो, लेकी. दुसऱ्यातून तिसऱ्यात घाई नको."

ओर्विलने पिकअपने मागून ढकललं, इंजिनाने जोर धरला, आणि मग तळं माझ्या अंगावर धावत आलं. काही हलत नव्हतं. डोंगर जागच्या जागी, आकाश जागच्या जागी, फक्त खालची जमीन पिठासारखी वाहत होती. मी किंचाळत असावे. भीती अजिबात नव्हती. एवढं मोठं, एवढं स्वच्छ काही असू शकतं आणि त्यातून मला जाता येतं, याचंच नवल वाटत होतं. आणि मग एकदम मनात आलं, हे त्यांना कधी दिसणार नाही. डोळे भरले. चष्म्याच्या काचेत पाणी. पाय उचलला गेला. वेगाची चिठ्ठी मिळाली: ताशी अठ्ठ्याण्णव मैल.

परत आले तर पापा म्हणाले, "पाय का उचललास?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे गेलेत, कान आहेत. इंजिन घाबरलं नव्हतं. तू घाबरलीस?"

"रडले. तुम्हाला दिसणार नाही म्हणून."

"मला जे दिसायचं होतं ते दिसायला लागलं होतं," ते वैतागून म्हणाले. "धूळ छान उठली, आणि मध्येच बसली. बेचाळीस वर्षांनी अर्धीच धूळ? जा परत. रडायचं असेल तर पलीकडे पोचल्यावर रड."

परत रांगेत उभे राहिलो. नंबर यायला दुपार झाली. तोवर आम्ही गाडीच्या सावलीत बसून लिंग्विसा सॉसेज आणि गोड पाव खाल्ला, आणि ते मला विचारत होते, तळं कसं दिसतं. मी सांगत होते.

दुसऱ्या वेळी मी पाय उचलला नाही. एकशे चौदा. पाय खाली ठेवला, ठेवला, आणि दोन्ही खुणांच्या पलीकडे जाईपर्यंत ठेवला. मग आरशात बघितलं. मागे काहीच नव्हतं. फक्त धूळ. आकाशापर्यंत.

परतीच्या वाटेने हळू हळू आले. ओर्विल टोपी हलवत होता. पापा त्याच्यापासून दूर एकटेच उभे होते, तळ्याकडे खांदा करून, मान वाकडी. मी गाडी बंद केली. तरी त्यांनी मान वळवली नाही. धूळ अजून खाली बसत होती आणि ती पूर्ण बसेपर्यंत ते बघत राहिले. मी पट्टे सोडले, उतरले, जवळ जाऊन उभी राहिले.

"पोचली?" मी विचारलं.

"शेवटपर्यंत," ते म्हणाले. मग वळले आणि माझ्या डाव्या कानाकडे टक लावून बघत राहिले. मी जराही हलले नाही, म्हणजे त्यांना माझा चेहरा नीट दिसावा.